सेवा तिची, सही त्यांची

सिंथिया फरार १८२७ साली मुंबई बंदरात उतरली. ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेने परदेशी धाडलेल्या अगदी सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी ती एक. मुलींच्या शाळांवर देखरेख करायची, हे तिचं काम. १८३९ मध्ये ती अहमदनगरला आली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात शाळा काढली, हे आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. सहसा न वाचलेली गोष्ट अशी, की बोर्डाच्या दप्तरात फरारबाई पूर्ण मिशनरी नव्हत्याच. तो हुद्दा दीक्षित पुरुषांचा. तीस वर्षांहून जास्त राबलेली ही बाई आणि सगळ्या मिशनऱ्यांच्या बायका ‘साहाय्यक मिशनरी’ या सदरात मोडत.

मराठी ख्रिस्ती मंडळीत वाढणाऱ्या मुलींविषयी लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण पुढे दोनशे वर्षं जे चालत आलं त्याचा नमुना इथे तयार होता. या पुस्तकात अठरा ते तीस वयाच्या मुलींनी आपापल्या मंडळीविषयी लिहिलं आहे. काही नगर-राहुरीकडच्या, काही पुण्या-मुंबईच्या, काही वसईच्या, दोघी-तिघी विदर्भातल्या. त्यांचे लेख वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. चर्च मुलींना मागे ठेवतं, हा नेहमीचा आरोप अर्धाच खरा आहे. चर्च त्यांना शिकवतं, स्टेजवर उभं करतं, चारचौघांत बोलायला लावतं. हे सगळं इतरांच्या आधी आणि इतरांपेक्षा जास्त करतं. आणि ठराव मांडायची वेळ आली की त्याच मुलीला चहाचं बघायला सांगतं. घोडं अडतं ते काम देण्यापाशी नाही, अधिकार देण्यापाशी.

हे कुठून आलं, याचं सोपं उत्तर ‘पौलाची पत्रं’ असं देतात. ते मला पुरेसं वाटत नाही. शास्त्रातल्या वचनांकडे मी येईन, पण आधी माणसांकडे पाहू.

नगर जिल्ह्यातली बहुसंख्य प्रोटेस्टंट घरं महार आणि मांग वस्त्यांतून आलेली. १८७६-७८ चा दुष्काळ आणि शतक संपता संपता पडलेले दोन दुष्काळ यांनी मिशनच्या बोर्डिंगांमध्ये पोरक्या मुलींची भर घातली. या मुलींच्या आया शेतात खुरपत होत्या, मोळ्या विकत होत्या, रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. घरी बसून राहणारी बायको ही त्या वस्तीत कुणाला परवडणारी चैन नव्हती. बोर्डिंगात मात्र या मुलींपुढे आदर्श ठेवला गेला तो मिशनरीच्या बंगल्यातल्या घराचा. नवरा कामाला जातो, बायको घर नीटनेटकं ठेवते, मुलांना प्रार्थना शिकवते, संध्याकाळी शिवण घेऊन बसते. वाचन, गणित आणि शास्त्राबरोबर शिवणटिपण, धुणं, इस्त्री, घरकाम हेही शिकवलं जाई. कष्टकरी बायकांच्या लेकींना ‘गृहिणी’ हे पद मिशनने शिकवलं.

याला नुसतं व्हिक्टोरियन खूळ म्हणून मोकळं होता येत नाही. ज्या बाईला पाटलाच्या वाड्यावरून बोलावणं आलं की हातातलं काम टाकून जावं लागे, तिच्या नातीला ‘आमची मुलगी कुणाच्या दारात राबायला जात नाही’ असं म्हणता येणं ही त्या कुटुंबाची मोठी कमाई होती. मुलीला घरात ठेवणं, अंगभर नेसवणं, एकटीला बाहेर न सोडणं हे सवर्ण घरांमध्ये बंधन असेल. जिची अब्रू गावाने कधी मानलीच नव्हती तिच्या घरात तो मान होता. म्हणूनच आजही एखादी आजी नातीच्या ओढणीवरून कटकट करते, तेव्हा तिच्यामागे धर्माचं वेड असतंच असं नाही. तिला आठवत असतं की ओढणी नसणं म्हणजे काय. आजच्या मुलींना ही आठवण नाही, आणि ती नसणं हाही त्यांच्या पणजीने मिळवलेला हक्कच आहे. दोघींचं पटत नाही त्याचं निम्मं कारण इथे आहे.

शिकलेल्या मुलीचं काय करायचं, हा प्रश्न मंडळीपुढे फार लवकर येऊन उभा राहिला. नगरच्याच एका ब्राह्मण ख्रिस्ती घरात १८६२ साली जन्मलेली कृपाबाई आपल्या भावाची पुस्तकं वाचत मोठी झाली. पुढे सत्यनाथन हे तिचं सासरचं आडनाव झालं. तिला डॉक्टर व्हायचं होतं. विलायतेला पाठवण्याची गोष्ट निघाली, पण प्रकृती आड आली. मग ती १८७८ मध्ये मद्रासच्या मेडिकल कॉलेजात गेली, तिथे हुशारीने चमकली आणि तब्येतीने पुन्हा दगा दिला. ‘सगुणा’ ही तिची इंग्रजी कादंबरी जवळपास आत्मचरित्रच आहे. तिच्यातली सगुणा बाहेरच्यांशी कमी आणि आपल्या माणसांच्या अपेक्षांशी जास्त झगडते. मिशनच्या बायका तिच्यावर माया करतात आणि तिला जागच्या जागी बसवायलाही पाहतात. कृपाबाई १८९४ साली, बत्तिसाव्या वर्षी गेली. मराठी मुलीच्या ख्रिस्ती तारुण्याविषयी इतकं मोकळं आजही फारसं कुणी लिहीत नाही. ते इंग्रजीत लिहिलं गेलं म्हणून आपल्या वाचनातून निसटलं.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत असं निसटण्याची सोय नाही. त्या सगळ्यांना ठाऊक आहेत आणि बहुधा म्हणूनच नीट वाचल्या जात नाहीत. त्यांच्या आयुष्यातला १८८५ चा एक प्रसंग मला या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या वेळी त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या, विधवा, पदरी मनोरमा नावाची चार वर्षांची लेक. दोन वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात बाप्तिस्मा घेतलेला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत होत्या, शिकवतही होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी भाषा शिकवावी असा प्रस्ताव पुढे आला. मठातल्या मंडळींनी सल्ला विचारला आणि लाहोर व मुंबईच्या बिशपांनी ठाम नकार कळवला. कारण काय? बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानातले प्रतिष्ठित लोक काय म्हणतील, तिचा तिथला प्रभाव नाहीसा होईल.

ज्या बाईला हे सांगितलं जात होतं तिने लहानपणापासून आईवडिलांबरोबर देशभर हिंडून पुरुषांच्या सभांमध्ये पुराणं सांगितली होती. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ठरवलं होतं. १८८२ मध्ये पुण्यात हंटर कमिशनपुढे तिने साक्ष दिली होती. म्हणजे हिंदुस्थानातले लोक काय म्हणतात हे तिला बिशपांपेक्षा बरं माहीत होतं. तिने पत्रांतून तसं स्पष्ट कळवलं आणि आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कुणाच्या हवाली केलेली नाही हेही बजावलं. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली इंग्रजीत छापला. नव्याने दृढीकरण घेणाऱ्या प्रत्येक मुलीला तो वाचायला द्यावा असं माझं मत आहे. मंडळ्या त्याऐवजी नवा करार आणि स्तोत्रसंहितेचं गुलाबी रंगाचं छोटं पुस्तक देतात. तेही द्यावं, हरकत नाही.

या वादात एक मेख आहे. बिशपांनी शास्त्रावर बोट ठेवलं नाही, ‘तुमच्याकडच्या रीतीभाती’ पुढे केल्या. इंग्रज धर्मगुरूने भारतीय मर्यादेचा आधार घ्यायचा आणि भारतीय पाळकाने पाश्चात्त्य मिशनऱ्याच्या शिस्तीचा. मुलगी मध्ये. एका बाजूला बोलली की संस्कृती बुडते, दुसऱ्या बाजूला बोलली की शास्त्र मोडतं. आज एखादी मुलगी उपासनेत प्रवचन करू का असं विचारते तेव्हा तिला अजूनही याच दोन दारांमध्ये फिरवलं जातं.

रमाबाईंनी वाद घालत बसण्यापेक्षा आपली जागा स्वतः उभी केली. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन, पुढे केडगावचं मुक्ती मिशन. तिथे बायका शेती करत, विणत, तेल गाळत, छापखाना चालवत. हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी जुळवलं आणि छापलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतराचं काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. एवढं असून मंडळीत त्यांचा दाखला दिला की उत्तर ठरलेलं असतं: त्या रमाबाई होत्या, तू कोण? थोर स्त्रीला अपवाद ठरवलं की बाकीच्यांना नियम लावायला सगळे मोकळे.

लक्ष्मीबाई टिळकांचं याच्या उलट झालं. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं त्या भांडल्या, दूर राहिल्या, सोवळं सांभाळलं, प्रश्न विचारले, आणि स्वतःचं मत बदललं तेव्हाच पाणी घेतलं. मी ऐकलेल्या किमान तीन प्रवचनांमध्ये मात्र त्या ‘पतीच्या पाठोपाठ आलेली आदर्श पत्नी’ होत्या. ‘स्मृतिचित्रे’ उघडून पाहिलेल्या माणसाला असं म्हणणं जमणार नाही. त्या पुस्तकात टिळकांची जितकी थट्टा आहे तितकी त्यांच्या टीकाकारांनीही केली नसेल.

आता आजकडे. एका तालुक्याच्या गावातल्या मंडळीची वार्षिक सभा मला आठवते. उपासना संपल्यावर बाक मागे सरकवले, पुढे टेबल मांडलं, पंच बसले. वर्षाचा ताळेबंद मंडळीतल्या एका बी.कॉम. झालेल्या मुलीने केला होता. पावत्या तिनेच गोळा केल्या होत्या, दानार्पणाच्या पिशवीतली चिल्लर दर रविवारी तीच मोजत असे. तो ताळेबंद खजिनदारांनी वाचून दाखवला. दुरुस्ती निधीच्या आकड्यापाशी ते अडले. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, तिने तिसऱ्या बाकावरून हलक्या आवाजात आकडा सांगितला, त्यांनी तो मोठ्याने म्हटला. कुणाला त्यात काही खटकलं नाही. तिलाही नाही. नव्या पंचांची निवड झाली तेव्हा बायकांच्या राखीव जागेसाठी पाळकांच्या पत्नीचं नाव आलं, सूचक आणि अनुमोदक दोघेही पुरुष, आणि मुलगी तोवर कपबशा मोजायला आत गेली होती.

अशा मुलीचा आठवडा मोजावा. शनिवारी रविवार शाळेची तयारी, संध्याकाळी कॉयरचा सराव. रविवारी सकाळी वेदीवरची फुलं, मग लहान पोरं, मग गायन. उपवासकाळात घरोघरच्या प्रार्थनासभा. नाताळच्या नाटकात ती मरिया असते आणि लग्न होईतो मरियाच राहते. मग ती भूमिका धाकट्या बहिणीकडे जाते. हंगामाच्या सणाला लोक भोपळे, कोंबड्या, धान्याची पोती आणतात, त्यांचा लिलाव होतो. बोली पुरुष लावतात आणि भजी तळायला या मुली असतात. लष्कराच्या भाकऱ्या म्हणावं तर तसंही नाही, कारण बहुतेकींना हे सगळं मनापासून आवडतं. म्हणूनच प्रश्न अवघड आहे. जी सेवा आवडते तिच्यासाठी मोबदला मागायला जीभ रेटत नाही, आणि निर्णयात वाटा मागितला की ऐकावं लागतं, ‘तू नावासाठी करतेस का?’ नम्रता हा सद्गुण सर्वांनाच शिकवलेला असतो. मागितला जातो मात्र मुलींकडूनच.

पाळकांच्या पत्नीची गोष्ट तर याहून पुढची. मंडळी पगार एकाला देते आणि माणसं दोन घेते. महिला मंडळ तिने चालवायचं, पाहुणे तिने सांभाळायचे, कुणाच्या घरी काय बिनसलंय हे तिला कळायला हवं आणि कळलं असं दिसता कामा नये. तिच्या मुलींवर तर सगळ्या गावाचा डोळा. आता कुठे कुठे बाई पाळक आहे. तिच्या नवऱ्याने रविवार शाळा घ्यावी अशी अपेक्षा केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

लग्नाच्या प्रकरणात मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुस्तकातल्या बहुतेक लेखांमध्ये तेच आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक अकरा लाखांच्या आत होते, राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यात कॅथलिक वेगळे, प्रोटेस्टंट वेगळे, त्यांतही पंथ, बोली, जात, जिल्हा. नगरच्या पट्ट्यात तर सगळेच एकमेकांचे पाव्हणे. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीला ‘आपल्यातला’ मुलगा शोधताना आईबापांच्या नाकी नऊ येतात. उपासनेनंतर दाराशी हात मिळवताना ‘जय ख्रिस्त’च्या पाठोपाठ येणारा प्रश्न तिला बारावीपासून पाठ असतो.

मग ती एखाद्या बौद्ध किंवा हिंदू मुलाशी लग्न करते. इथे मंडळीचा न्याय मुलग्याला एक, मुलीला दुसरा. मुलग्याने बाहेरची मुलगी केली की सून आणली म्हणतात; बाप्तिस्म्याचा वर्ग लागतो, पेढे वाटले जातात. मुलगी बाहेर गेली की ती गेली. काही ठिकाणी तिला प्रभुभोजन बंद होतं, तिच्या वडिलांना पंच म्हणून उभं राहायला लाज वाटते. कायदा याहून मोकळा आहे. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा वधूवरांपैकी एकजण ख्रिस्ती असला तरी लागू होतो. दोघांच्याही बाप्तिस्म्याचा दाखला मागतात ते मंडळीचे नियम.

लग्न मोडायची वेळ आली तर कायदाही बराच काळ बाईच्या विरोधात होता. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरपणा किंवा सोडून देणंही सिद्ध करावं लागे. नुसती मारहाण झाली तर वेगळं राहण्याची मुभा, सुटका नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा भेद टिकू शकत नाही असं म्हटलं आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. नांदणाऱ्या बायकांना पाळकांनी ही सव्वाशेहून अधिक वर्षं काय सल्ला दिला असेल, हे सांगायला कागदपत्रांची गरज नाही. सहन कर, प्रार्थना कर, तुझ्या वागण्याने तो पालटेल. या पुस्तकातल्या दोन लेखिकांच्या आयांनी हाच सल्ला ऐकलेला आहे, कायदा बदलल्यानंतरही.

बाहेरच्या जगानेही या मुलींना सुखाने राहू दिलेलं नाही. हिंदी सिनेमाने ख्रिस्ती मुलगी म्हणजे फ्रॉक, दारू आणि ढिलं चारित्र्य असं समीकरण दोन पिढ्यांना शिकवलं. खलनायकाच्या अड्ड्यावर नाचणारी बाई रोझी किंवा मोना असायची. १९७३ च्या ‘बॉबी’तली नायिका गोव्याच्या कोळ्याची मुलगी होती, १९७५ ची ‘ज्युली’ लग्नाआधी आई होते. श्रीरामपूरची साडी नेसणारी, भाकरी थापणारी ख्रिस्ती मुलगी कॉलेजात गेली की तिला याच चष्म्यातून पाहिलं जाई. मंडळीने याला उत्तर काय दिलं? आपल्या मुलींवर आणखी दोन कुलपं घातली. ‘लोक आपल्याकडे बोट दाखवतात, तेव्हा तुम्ही जपून’ हे वाक्य तरुण संघाच्या शिबिरात मुलींच्या स्वतंत्र वर्गात ठरलेलं. मुलग्यांच्या वर्गात तेव्हा करिअर मार्गदर्शन चालू असतं.

नर्सिंगचं उदाहरण इथे बोलकं आहे. इतर घरांना ज्या कामाचा विटाळ वाटत होता ते ख्रिस्ती मुलींनी उचललं. मिरजेसारख्या मिशन हॉस्पिटलांमधून शिकलेल्या मुली मुंबईला गेल्या, पुढे आखातातही. रात्रपाळ्या करून त्यांनी भावांची शिक्षणं केली, घरं बांधली, चर्चच्या छपराला पत्रे दिले. गावात त्यांच्याविषयी रात्रपाळीवरून कुजबुज झाली ती झालीच. त्यांचा दशांश मात्र कुठल्याही मंडळीने परत केल्याचं ऐकलेलं नाही.

आता शास्त्र. बायकांनी सभेत गप्प राहावं असं करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात आहे. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रीने प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं असं म्हटलं आहे, म्हणजे ती सभेत बोलते आहे हे पौलाने गृहीतच धरलं आहे. आपल्याकडे अकराव्यातला पदर उचलला आणि चौदाव्यातलं मौन. मधला संदेश गाळला. लग्नाच्या प्रवचनात इफिसकरांच्या पाचव्या अध्यायाचं वाचन बाविसाव्या वचनापासून सुरू होतं, जिथे बायकोला नवऱ्याच्या अधीन राहायला सांगितलं आहे. एकच वचन मागे गेलं तर सर्वांनीच एकमेकांच्या अधीन राहावं असं आढळतं. आणि रोमकरांच्या सोळाव्या अध्यायातली फिबी, प्रिस्किल्ला, युनिया ही नावं बायबल क्विझपलीकडे कधी निघत नाहीत. मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. पण वाचन कुठून सुरू करायचं हे कुणीतरी माणूसच ठरवतो, एवढं समजायला पदवी लागत नाही.

पदवी असूनही काय होतं तेही पाहिलं आहे. नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं. दक्षिण भारतीय चर्चमध्ये १९७६ साली पहिल्या स्त्रीला दीक्षा मिळाली, उत्तरेत ती गोष्ट ऐंशीच्या दशकात झाली. दक्षिणेत २०१३ मध्ये पुष्पललिता बिशपही झाल्या. तेव्हा दार बंद आहे असं प्रोटेस्टंट मुलीला म्हणता येत नाही. पण बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी घेऊन आलेल्या मुलाला मंडळी मिळते आणि तिच्याच वर्गातल्या मुलीला वसतिगृहाची देखरेख किंवा रविवार शाळांचं काम, हे मी एकाहून अधिक वेळा पाहिलं. पुणे-मुंबईबाहेरच्या मंडळीला ‘आम्हाला बाई नको’ असं लेखी कळवायची गरजही पडत नाही. फोन पुरतो.

कॅथलिकांची गोष्ट निराळी, कारण तिथे याजकपदाचा प्रश्न वरच मिटवलेला आहे. तरी खाली बरंच हललं. १९९४ पासून मुली वेदीसेवक होऊ शकतात. २०२१ च्या जानेवारीत पोपनी वाचक आणि वेदीसेवक ही रीतसर पदंही स्त्रियांना खुली केली. भारतातल्या बिशपांनी २०१० मध्ये स्त्री-पुरुष समतेविषयी लेखी धोरणही काढलं. वसईकडच्या एका लेखिकेने ते धोरण आपल्या धर्मग्रामात कुणी पाहिलंय का याची चौकशी केली, त्याची हकिगत तिच्याच शब्दांत वाचावी.

नव्या स्वतंत्र फेलोशिपमध्ये चित्र आणखी वेगळं. तिथे वीस वर्षांची मुलगी हातात माइक घेऊन दीडशे लोकांना रडवते. दागिना नाही, डोक्यावर ओढणी, आणि आवाज असा की मागच्या गल्लीत ऐकू जावा. आमच्या जुन्या मंडळीत तिला भक्तिगीताचं एखादं कडवं मिळालं असतं. पण तिथेही पैशाचा आणि जागेचा व्यवहार पास्टर आणि त्यांचे भाऊच बघतात.

मग या मुली सोडून का जात नाहीत, असं बाहेरचे विचारतात. कारण चर्च सोडून जावं असं त्यांच्याकडे दुसरं ठिकाण फारसं नाही, हे एक. दुसरं असं, की रात्री नऊपर्यंत घराबाहेर राहायची परवानगी तिला एकाच ठिकाणासाठी मिळते, आणि ते म्हणजे कॉयरचा सराव. मैत्रिणी तिथल्या, पहिलं भाषण तिथलं, पहिला एकटीचा प्रवास शिबिराचा. ज्या घराला गावाने नावाने हाक मारली नाही, त्या घरातल्या मुलीचं पूर्ण नाव दर रविवारी फळ्यावर लिहिलं जातं. हे लहान नाही. त्यामुळे या पुस्तकात चर्चवर रागावलेल्या मुली आहेत, चर्च सोडलेली एकच आहे.

एक लेख घ्यावा की नाही यावर संपादनात बरीच चर्चा झाली. ही लेखिका डोकं झाकते, नवरा कुटुंबाचं मस्तक आहे असं मानते आणि तसं ठामपणे लिहिते. तिचं म्हणणं असं: तिचे वडील दारूडे होते. फेलोशिपमध्ये आल्यावर त्यांना सांगितलं गेलं की तू घराचा मस्तक आहेस, तेव्हा घराचा हिशेब तुला द्यावा लागेल. त्यांनी दारू सोडली, पगार घरी आणायला लागले, आईवरचा हात थांबला. ज्या शिकवणीने आपल्या आईला माणसात आणलं तिला जुलूम म्हणायचा हक्क शहरातल्या शिकलेल्या बायकांना कुणी दिला, असं ती विचारते. तिचा निष्कर्ष मला मान्य नाही. आईचं सुख वडिलांच्या शुद्धीवर टांगून ठेवणारी व्यवस्था उद्या ते पुन्हा प्यायले तर काय करणार, याचं उत्तर तिच्या लेखात नाही. पण तिचा प्रश्न टाळून पुस्तक काढलं असतं तर ते आमच्यासारख्यांनी आमच्यासारख्यांसाठीच काढलेलं ठरलं असतं.

तिच्याच गावच्या दुसऱ्या मुलीने याच्या नेमकं उलट लिहिलं आहे. दोघींचे लेख शेजारी-शेजारी लावले आहेत. दोघींनी एकमेकींचा मजकूर छपाईआधी वाचला, एकमेकींना उत्तरं लिहिली, आणि तीही दोघींच्या संमतीने छापली आहेत. बाकी लेखिकांची नावं आणि मंडळ्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. या दोघींनी मात्र आपली नावं बदलायला नकार दिला.